नणंदबाई आणि गल्लीतले फोन

पाटोदा तालुक्यात आमच्या नणंदबाईंनी सुई टोचली नाही असा दंड शोधून सापडायचा नाही, आणि आता त्यांनी उघडून बघितला नाही असा मोबाइलही आमच्या गल्लीत सापडायचा नाही. दोनदा निवडणूक हरलेले पुढारी असोत, बसस्टँडवरचा पेरूवाला असो की नुकतं मिसरूड फुटलेलं पोर असो, नणंदबाई समोरून येताना दिसल्या की माणसाचा एक हात आपोआप दंडावर जातो आणि दुसरा खिशातल्या फोनवर. पहिला जुन्या आठवणीनं, दुसरा नव्या धाकानं.

नोकरीभर त्या नर्स होत्या. या उपकेंद्रातून त्या उपकेंद्रात, या वाडीवरून त्या वाडीवर. आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटी एका मोपेडवर, जिचा आवाज ऐकून तान्ही पोरंसुद्धा रडायला लागायची म्हणतात. यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नाही. आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो आणि आमची लेक प्रज्ञा आत्या म्हणते. निवृत्तीच्या दिवशी सोबतच्या लोकांनी त्यांना साडी, बाबासाहेबांची तसबीर आणि एक स्मार्टफोन दिला. साडी त्यांनी मला दिली, तसबीर विहारात दिली आणि फोन तेवढा ठेवून घेतला. तिथून सगळं सुरू झालं.

फोन हातात येऊन आठ दिवस झाले नसतील. दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, तर आक्का पदरात तोंड लपवून हसत हसत घरात शिरल्या. कुणा अनोळखी इसमानं त्यांना 'हाय ब्युटिफुल' असा निरोप पाठवला होता. फोटो म्हणून आक्कांनी आपलं निवृत्तीचं छायाचित्र लावलेलं. गळ्यात झेंडूचा हार, डोळ्यांवर जाड चष्मा, पुढचा एक दात नाही. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग आक्का हसता हसता एकदम थांबल्या. फोनकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मास्तरीण, मला या वयात असलं येतंय, तर पोरींना काय काय येत असंल गं?"

मी शिक्षिका, म्हणून त्यांच्या तोंडी मी कायम मास्तरीण. मी म्हटलं, "जाऊ द्या हो आक्का." पण जाऊ देणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नाही. एखाद्या वाडीवर एक मूल डोस घ्यायचं राहिलं, तर आई रानात गेली असली तरी रानात जाऊन ते मूल शोधणारी ही बाई. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानांची वही आणली. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना गाठून त्या सलग पंधरा दिवस त्यांच्यापुढे बसल्या. औषधांची नावं पाठ केली होती तशी फोनमधली एकेक सोय पाठ केली. कोणतं बटण बंद केलं की आपण कुठे आहोत ते लोकांना दिसत नाही, अनोळखी माणसाचा निरोप कसा अडवायचा, फोटो फक्त घरच्यांना दिसावा म्हणून काय करायचं. सर नंतर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या नणंदेला आता शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. काल त्यांनीच माझा पासवर्ड बदलून दिला."

मग दर बुधवारी आक्का घरोघर फिरू लागल्या. दारात उभं राहून एकच प्रश्न. पूर्वी तो 'डोस झाला का?' असा होता, आता 'फोन बघू' असा झाला. वहीत प्रत्येक पोराचं पान. नाव, वय, फोन कुणाचा, कोणता खेळ खेळतं, कुणाशी बोलतं. लोक आधी चिडले. पण ज्या बाईनं तुमचं बाळंतपण केलं, तिला दारातून परत कसं पाठवणार? आमच्याकडच्या एका मोठ्या जमीनदार पुढाऱ्यांनी नातवाचा वाढदिवस म्हणून त्याचा फोटो फोनवरून जगभर वाटला होता. शाळेचा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र, त्यावर शाळेचं नाव, आणि खाली हौसेनं लिहिलेलं, 'आमचे बाळराजे रोज सकाळी सातच्या गाडीने शाळेत जातात.' आक्का सरळ त्यांच्या बंगल्यावर गेल्या. बैठकीत वीस माणसं बसलेली. आक्का म्हणाल्या, "दादा, पोराचं नाव सांगितलं, शाळा सांगितली, गाडीचा टाइमबी सांगितला. आता पळवून न्यायला येणाऱ्याला चहा किती वाजता देणार, तेवढं लिहायचं ऱ्हायलंय बगा." बैठक गार. दादांनी तिथल्या तिथं फोटो काढून टाकला आणि खरोखरच चहा मागवला, आक्कांसाठी.

त्यांच्या उपायांत मात्र अतिरेक असायचा, हे मला कबूल केलं पाहिजे. कॅमेऱ्यातून कुणी आपल्याला बघू शकतं असं त्यांनी कुठंतरी ऐकलं, आणि त्या दिवसापासून जखमेवर लावायची चिकटपट्टी त्यांच्या पिशवीत कायमची आली. जो फोन दिसेल त्याच्या कॅमेऱ्यावर पट्टी. आमचे हे पंचायत समितीत कामाला आहेत. साहेबांनी घरूनच फोनवर बैठक घ्यायचं ठरवलं होतं. हे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, खुर्चीत ताठ बसले. तासभर बोलले. शेवटी साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं कळलं, पण तुम्ही कुठं आहात? तासभर आम्हाला नुसता गुलाबी अंधार दिसतोय." तेव्हा पट्टीचा शोध लागला. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळे यांना विचारायला लागले, "जखम बरी आहे का?"

एकदा त्यांच्या कानावर आलं की पोरं बंदुकांच्या खेळात कानाला हेडफोन लावून परक्या माणसांशी बोलतात. आपण खेळल्याशिवाय कसं कळणार, म्हणून आक्का स्वतः खेळायला बसल्या. त्यांचा तो सैनिक कधी झाडावर जाऊन आपटायचा, कधी तळ्यात उभा राहायचा. पण आक्कांचं लक्ष लढाईत नव्हतंच. "हां, बोल बाळा. नाव काय तुझं? कितवीला हाईस? जेवलास का?" पलीकडे गोळ्यांचा आवाज थांबला. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अरे, ये किसकी नानी आ गई?" दुसऱ्यानं शिवी दिली. आक्कांनी त्याला आईला बोलवायला सांगितलं. तो पळाला. त्याच्यामागे आणखी दोघं पळाले. एकटा नांदेडकडचा पोरगा राहिला. त्याची आई तापानं आजारी होती. आक्कांनी त्याला गार पाण्याच्या पट्ट्या कशा ठेवायच्या ते नीट समजावलं. त्या दिवशी आक्कांच्या सैनिकाला शेवटपर्यंत कुणी मारलं नाही. मी हे ऐकून हसत होते, पण आक्कांना हसू आलं नाही. म्हणाल्या, "त्यानं गावाचं नाव सांगितलं, बाप कुठं कामाला गेलाय ते सांगितलं, घरात आई आन् तो दोघंच हायेत हेबी सांगितलं. मी कोण हाय हे त्याला ठावं हाय का? नुसतं जेवलास का म्हणलं, तर लेकरानं समदं घर उघडून दाखवलं मला."

आणि तो स्वीटीचा प्रकार तर गल्लीत अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. आक्कांनी जास्वंदीच्या फुलाचा फोटो लावून 'स्वीटी' नावाचं एक खोटं खातं उघडलं आणि गल्लीतल्या यच्चयावत लहानथोरांना मैत्रीची विनंती धाडली. पोरांची परीक्षा घ्यायची म्हणून. आठ दिवस वाट बघितली. रविवारी विहारात वंदना झाली, लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आक्का वही घेऊन उभ्या राहिल्या. पोरांपैकी फक्त दोघांनी स्वीटीशी मैत्री केली होती. मोठ्यांपैकी अकरा जणांनी. आक्कांनी अकराही नावं, वयासकट, स्वच्छ आवाजात वाचली. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सातव्या नंबरवर आमचे हे होते, आणि यांनी नुसती मैत्री केली नव्हती, तर 'हाय, आपण कुठल्या?' असंही विचारलं होतं. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "मला वाटलं ऑफिसच्या कामाचं असेल." मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही; पण खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी हसू आवरेना.

संध्याकाळी आठ वाजता आक्का गल्लीतले फोन लसीच्या एका जुन्या निळ्या पेटीत गोळा करायच्या. पेटीचं झाकण तडकलेलं, म्हणून आरोग्य केंद्रानं मोडीत काढलेली. आतमध्ये पूर्वी बर्फात लशी असायच्या, आता फोन एकमेकांवर पडून वाजत असायचे. पेटीतून बँड निघाल्यासारखा आवाज यायचा. सकाळी सहाला ज्याचा त्याला परत. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. ही पेटी सगळ्यांसाठी सारखी होती, आई-बापांसाठीसुद्धा. शिक्षा म्हणून आक्कांनी एकाही पोराचा फोन कधी काढून घेतला नाही. उलट प्रत्येक पोराला त्या एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायच्या, पाढ्यासारखं: "काय बी चुकलं तर आधी आक्काला सांगायचं. आक्का मारत न्हाई, बोंबलत न्हाई, फोन काढून घेत न्हाई." पोरं हसत हसत म्हणायची.

माझ्या घरचे फोन मात्र त्या पेटीत जात नव्हते. मी ठाम नकार दिला होता. प्रज्ञा तेव्हा आठवीत, माझ्याच शाळेत. अभ्यासात हुशार, चित्रं सुरेख काढायची, शब्दाला उलटा शब्द नाही. अभ्यासासाठी यांचा जुना फोन तिच्याकडे असायचा. एकदा आक्का फारच मागे लागल्या तेव्हा मी जरा तोडूनच बोलले, "आक्का, माझा माझ्या पोरीवर विश्वास आहे."

आक्कांना राग आला नाही. म्हणाल्या, "विश्वास ठेव की माय. पोरीवर मी तरी कुठं शक घेते? पर पलीकडं कोण बसलंय, ते तुला दिसतं का? मला तर दिसत न्हाई."

मी विषय बदलला. मनात म्हटलं, स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलांत जीव अडकवतात. असं मनात आलं होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मागच्या वर्षी डिसेंबरातली गोष्ट. सोमवारी प्रज्ञा डब्यातली पोळी तशीच परत घेऊन आली. मंगळवारी पोट दुखतंय म्हणाली. मी ओवा दिला. बुधवारी शाळेत येत नाही म्हणाली. मला वाटलं घटक चाचणीची भीती, म्हणून रागावून घेऊन गेले. गुरुवारी, शुक्रवारी ती माझ्याभोवती घोटाळत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. मी विचारायची, "काय गं?" ती म्हणायची, "काही नाही." आणि मी पुन्हा भाकरी थापायला लागायची. पाच दिवस माझी मुलगी माझ्यापासून चार हातांवर उभी होती आणि मी तिला ओवा देत होते.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी घरी आल्यावर ती जेवली नाही, 'आत्याकडे जाऊन येते' म्हणून गेली. तीनच्या सुमारास आक्का आल्या. मागे प्रज्ञा, आत्याचा पदर मुठीत धरून, लहानपणी धरायची तसा. तिचे डोळे सुजलेले होते. मी उठून उभी राहिले.

"बस आधी," आक्का म्हणाल्या. "पाणी पी."

"काय झालं?"

"धा मिनिटं तोंड उघडायचं न्हाई. मी बोलते. मंग तुला काय बोलायचं ते बोल."

आक्कांनी सांगितलं ते असं. चित्रं दाखवायचं एक अॅप असतं, त्यावर प्रज्ञा आपली चित्रं टाकायची. तिथं दोन महिन्यांपूर्वी श्रावणी नावाची मुलगी तिची मैत्रीण झाली. तीही आठवीतली, आमच्याच जिल्ह्यातल्या दिंद्रुडची, तिलाही चित्रांची आवड. रोज गप्पा व्हायच्या. प्रज्ञानं तिला स्वतःचे फोटो पाठवले, मामाच्या लग्नातले, नव्या घागऱ्यातले. शाळेचं नाव सांगितलं, मी शिक्षिका आहे ते सांगितलं. मग त्या सोमवारी श्रावणीनं तिच्याकडे भलतेच फोटो मागितले. प्रज्ञा घाबरली, नाही म्हणाली. त्यावर निरोप आला, की तुझे आहेत तेच फोटो घाण करून तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो. 'टाकते' नाही, 'टाकतो'. तेव्हा तिला कळलं की पलीकडे मुलगी नाही. तेव्हापासून रोज धमकी. दिलेली मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

आक्का थांबल्या.  दहा मिनिटं केव्हाच झाली होती. मी एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलं गं?"

प्रज्ञा आत्याच्या मागूनच म्हणाली, "मम्मी, मागे टीव्हीवर एका मुलीचे फोटो पसरल्याची बातमी होती, तेव्हा तू म्हणाली होतीस ना. असल्या पोरींच्या हातात फोन देतातच कशाला, म्हणून." मग तिला हुंदका आला. "मम्मी, माझी शाळा बंद नको ना करू."

मी तिला ओढून मांडीवर घेतलं. चौदा वर्षांची मुलगी, पाय जमिनीला टेकत होते. मी काय बोलले ते आठवत नाही. आक्का तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

तेवढ्यात आमचे हे बाजारातून आले. ऐकता ऐकता यांचा चेहरा लाल झाला. "बास झालं शिक्षण! आण तो फोन, दगडानं फोडतो!"

"फोड," आक्का शांतपणे म्हणाल्या. "पर आधी तुझा फोड, स्वीटीला हाय म्हणलेला. तुला पन्नाशीला कळलं न्हाई पलीकडं कोण हाय, आन् या लेकराला चौदाव्या वर्षी कळायला पायजे व्हय?"

हे तिथंच खाली बसले. मग उठून प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

त्या संध्याकाळी आक्का ज्या रीतीनं वागल्या, ती बघून मला कळलं की साथीच्या दिवसांत ही बाई वाडीवस्तीवर कशी वागत असेल. घाई नाही, आरडाओरड नाही. प्रज्ञा भीतीनं सगळं पुसून टाकणार होती, ते त्यांनी होऊ दिलं नव्हतं. उलट त्या माणसाच्या प्रत्येक निरोपाचे फोटो काढून ठेवले होते, खात्याचं नाव वहीत उतरवलं होतं. त्याला एका शब्दानंही उत्तर द्यायचं नाही असं बजावलं होतं. ते निरोप त्यांनी माझ्यापुढे धरले. "वाच. तू मराठी शिकवतीस ना? मी दिंद्रुडला दोन वर्सं काढलीत. 'तू मला खूप सुंदर लागते, तुझी फोटो पाठव' असं बोलणारी एक तरी पोरगी तिथं सापडली, तर मी पेन्शन सोडून देते." आणि खरंच, ती सगळी भाषा कुठल्या तरी यंत्रातून काढल्यासारखी होती. मुलांच्या एकेका वेलांटीवर लाल शाई ओतणारी मी. ते निरोप माझ्या नजरेस पडले असते तर दुसऱ्या ओळीला ओळखलं असतं. पण मला ते कुणी दाखवावेत अशी मी नव्हते.

मुदत संपायच्या आत आक्कांनी आणखी एक गोष्ट केली. आम्हाला घेऊन मुख्याध्यापकांच्या घरी गेल्या आणि सरळ सांगितलं, की उद्या शाळेच्या ग्रुपवर असा काही फोटो आला तर तो बनावट आहे, आणि तो टाकणारा गुन्हेगार आहे, पोरगी नव्हे. सरांनी ग्रुप तेवढ्या वेळापुरता बंदच करून टाकला. परत येताना मी भीत भीत म्हटलं, "आक्का, आपणच सांगितलं की हो." तर म्हणाल्या, "जी भीती तो घालतोय, तीच आपण फोडून टाकली. आता त्याच्या हातात ऱ्हायलं काय?"

मग पोलीस ठाणं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढले. तिथं मुलींच्या तक्रारी बघणारी एक तरुण पोलीस बसली होती. आक्कांना बघून ती उठून उभी राहिली आणि तिचा हात दंडावर गेला. तिनं प्रज्ञाला खुर्ची दिली, आम्हाला बाकावर बसवलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर पहिलं वाक्य बोलली ते प्रज्ञाशी, "तू काहीच चुकीचं केलेलं नाहीस. पाच दिवस एकटीनं सहन केलंस, तेवढंच नको होतं करायला." तक्रार लिहून घेतली, निरोपांचे फोटो जोडले, आणि मग प्रज्ञासमोरच ते खातं अडवून टाकलं.

घरी आल्यावर मी पिठलं-भाकरी केली. प्रज्ञानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी समोर बसून मोजत होते. चौथी अर्धी झाली आणि ती ताटावरच पेंगायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत झोपली. रविवार गेला, सोमवार गेला. कुठल्याच ग्रुपवर काही आलं नाही. मी तरी प्रत्येक वेळी फोन वाजला की दचकायची. दीड महिन्यानं त्या पोलीस बाईंचा फोन आला. दिंद्रुडची श्रावणी म्हणजे परराज्यातला एक चाळिशीचा माणूस निघाला. तो सापडला होता. त्याच्या फोनमध्ये आणखी बऱ्याच मुलींचे फोटो होते. आमच्या तक्रारीमुळे त्यांच्याही घरी फोन गेले. प्रज्ञाचे फोटो त्यानं कुठंही पाठवले नव्हते. मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी जमिनीवर बसून मनसोक्त रडले. हे धावत आले, म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही झालं नाही. काहीच झालं नाही हो!" आणि रडता रडता हसायला लागले. त्या दिवशी यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. कशाचे पेढे, ते कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं यांना बढती मिळाली.

प्रज्ञा आता नववीत आहे. चित्रं काढते. मध्येच फोन घेऊन माझ्याकडे येते, "मम्मी, हे बघ, हा कोण आहे ते माहीत नाही, काय करू?" मी हातातली उत्तरपत्रिका बाजूला ठेवते. हे मला जमायला वेळ लागला, अजूनही कधी कधी तोंडातून 'थांब गं' निघून जातं.

आक्कांचे गुडघे आता थकलेत. बुधवारची फेरी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच होते. मध्यंतरी एकदा मी त्यांचे पाय चेपत बसले होते, तेव्हा मनात बरेच दिवस घोळत असलेलं विचारलं. "आक्का, एवढं सगळं तुम्ही का केलंत हो? त्या एका ब्युटिफुलवरून?"

त्यांनी पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाल्या, "नोकरीतली गोष्ट हाय. एक पोरगी यायची उपकेंद्रावर. तेरा-चौदा वर्साची. खिडकीपाशी उभी ऱ्हायची. मी विचारलं, कावून आलीस गं? म्हणली, काय न्हाई. मी रजिस्टर भरत व्हते, वरचं साहेब यायचं व्हतं. मान वर करून बगितलंबी न्हाई मी तिच्याकडं. तीन दिवस आलती. चवथ्या दिवशी आली न्हाई. मंग कळलं, शाळा सोडली तिनं, लगीन झालं."

"मग पुढं?"

"पुढं काय न्हाई. बरी हाय आता. बाजाराला येती, भाजी घेऊन. दोन लेकरं हायेत, शिकत्यात." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पर तवा काय सांगायला आलती, ते न्हाई कळलं बग मला."

पुढच्या बाजाराला मी आक्कांच्या सोबत गेले. त्यांनी मला लांबून दाखवली. पस्तिशीची बाई, कपाळावर आलेले केस मनगटानं मागे सारत मेथीच्या जुड्या रचत होती. आक्कांना बघून तिनं तोंडभर हसून हाक मारली. भाव न विचारता आक्कांनी चार जुड्या घेतल्या. मी हळूच म्हटलं, "आता विचारा की तिला."

"आता कशाला माय," आक्का म्हणाल्या. "हासती बग कशी." थोडं पुढं गेल्यावर त्या थांबल्या, परत वळल्या आणि आणखी दोन जुड्या घेऊन आल्या.

आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस मेथी असते. घरात कुणी कुरकुर करत नाही.